कोपरापासून तोंडापर्यंत

मॅडम, तुमच्या शोकसभेत कचोरी होती. हे आधी सांगून टाकतो, म्हणजे पुढचं लिहिताना माझ्या तोंडाची चव अशी का आहे ते तुम्हाला कळेल. इंदूरच्या सिमरोल रस्त्यावरच्या त्या फिजिओथेरपी कॉलेजच्या हॉलमध्ये दोन मिनिटं उभं राहून झालं, तुमच्या फोटोला हार घालून झाला आणि लगेच मागच्या टेबलावरच्या भांड्याचं झाकण निघालं. हॉलभर हिंगाचा वास. ज्या लोकांनी शेवटची काही वर्षं तुमच्याकडून फक्त सह्या करून घेतल्या, ते बोटाला लागलेली हिरवी चटणी चाटत एकमेकांना सांगत होते की टेंबे मॅडम म्हणजे हातांची जादू. डायरेक्टरसाहेब माइकवर म्हणाले, "मैडम ने हमारे बच्चों को हाथ दिए." त्यांच्या मागे कोपऱ्यात रबरी डमी उभी होती, जिच्यावर त्यांची पोरं चार वर्षं फिजिओथेरपी शिकली तीच. तुमच्या फोटोचा हार लांब झाला होता. उरलेला तुकडा कुणीतरी डमीच्या गळ्यात टाकला होता.

मला शिसारी आली. आणि तरी मी कचोरी खाल्ली, कारण सकाळपासून पोटात काही नव्हतं. तुम्ही असतात तर म्हणाला असतात, "वानखेडे, तुझं पोट तुझ्या रागाच्या नेहमी दोन पावलं पुढे असतं."

राग आहेच. त्या लोकांवर आहे, पण ते सोडा, त्यांच्यावर रागावणं सोपं आहे. माझा राग तुमच्यावर आहे. तो बारा वर्षं जुना होता. मागच्या महिन्यात तुमच्या सुदामानगरच्या घरी नवा झाला. तो तुमच्यासमोर पूर्ण ओकून टाकायच्या आधीच तुम्ही गेलात. भांडण अर्ध्यावर टाकून उठून जायची सवय माझी, तुमची नव्हे.

तुमच्या खात्यातली ती लांबट खोली आठवते? सरकारी दवाखान्याच्या कॉरिडॉरच्या पार शेवटी. बाहेर मिलची चिमणी, आत सहा बाक. बाकाला प्लिंथ म्हणायचं हे तुम्ही पहिल्या दिवशी शिकवलंत आणि स्वतः मात्र कायम 'बाक'च म्हणालात. पेशंट बहुतेक मिलचे. कुणाचा खांदा, कुणाची कंबर, कुणाची मशीनमध्ये गेलेली बोटं. आम्ही बारा जण पुस्तकं पाठ करून आलो होतो. तुम्ही पुस्तकांवर एक अक्षर बोलला नाहीत. म्हणालात, "हात काखेत घाला. गरम होईपर्यंत पेशंटला शिवायचं नाही." बारा पोरं-पोरी पाच मिनिटं काखेत हात घालून उभी. पलीकडच्या बाकावरचा एक म्हातारा म्हणाला, "भिया, इन सबको ठंड लगी है क्या?"

मग तुम्ही टेबलाच्या खणातून निळ्या खडूची पेटी काढलीत. एक खडू पेशंटच्या हातात दिलात. नियम साधा: शिकाऊ माणसाचा हात चुकीचा लागला, जास्त दाबला, घाई केली, की पेशंटने बोलायचं नाही, त्याच्या ऍप्रनवर रेघ ओढायची. "गरीब माणूस डॉक्टरला 'दुखतंय' म्हणत नाही," तुम्ही म्हणाला होतात, "पण रेघ ओढेल." संध्याकाळी खातं बंद व्हायच्या वेळी आम्ही खिडकीजवळ ओळीने उभे राहायचो, हात पुढे करून, बाह्या दाखवत. तुम्ही एकेक ऍप्रन बघत यायचात. ज्याच्यावर रेघ त्याने सांगायचं, ती कशामुळे पडली. सांगता आलं नाही तर दुसऱ्या दिवशी त्याच पेशंटकडे परत.

पहिल्या महिन्यात माझी बाही निळी व्हायची. आईने विचारलं होतं, "तू डॉक्टरकी शिकतोयस की भिंती रंगवतोयस?"

आणि ते प्लास्टर. प्रत्येकाने आपल्या धडधाकट उजव्या हाताला, कोपर सरळ ठेवून, आठ दिवस प्लास्टर घालून राहायचं. जेवायचं, टेम्पोत चढायचं, अंघोळ करायची, सगळं तसंच. सगळ्यांनी मुकाट्याने घालून घेतलं. मी सौदा केला. मिलमधल्या फिटरचा मुलगा मी, आजोबा महूच्या पलटणीत शिपाई. आमच्या घरात कुठलीही गोष्ट पहिल्या शब्दावर कुणी मान्य केली नव्हती. म्हटलं, मॅडम, घरी पाणी मी भरतो, डावा हात घ्या. आणि आठ नाही, सहा दिवस. तुम्ही हसलात आणि मान्य केलंत. मी खूश. डाव्या हाताला सहा दिवस प्लास्टर मिरवलं, उजव्या हाताने चवीने जेवलो. ज्याचा उजवा हात वाकत नाही त्याला स्वतःचं तोंड किती लांब पडतं, हे मला तेव्हाच कळायला हवं होतं. कळू न देण्याचं काम मीच केलं.

मग भागीरथजी आले. लूमवर काम करणारे, पन्नाशीचे, मिशा पिळलेल्या. उजवं कोपर निखळलं होतं, प्लास्टर निघालं होतं, हात काटकोनाच्या पुढे वाकत नव्हता. मिलच्या गेटावर नोटीस लागली होती: महिन्याभरात मिलच्या डॉक्टरसमोर जो धड दिसणार नाही त्याचं नाव कमी. त्या दिवसांत गेटावर रोज नवी नोटीस लागायची, आणि लोक त्या नोटिसांवर देवाच्या कौलासारखा विश्वास ठेवायचे. तुम्ही ती केस माझ्याकडे दिलीत आणि एकच वाक्य सांगितलंत: "कोपराला कधी जबरदस्ती नाही. तो जेवढा स्वतः वाकवेल तेवढाच. मालिश नाही, दाब नाही."

मला ते पाठ होतं. पुस्तकातही ते जाड अक्षरात होतं.

पहिल्या दिवशी मी हळूच धरलं. भागीरथजींनी माझ्याकडे नीट बघितलं.

"तू वानखेडे फिटर को छोरो है नी?"

"हौ."

"थारा बाप ने म्हारो लूम कितरी बार सुधारियो. तू कर, बेटा. खुल के कर."

"दुखलं तर खडूने..."

"कईं नी दुखे."

काही दुखत नाही म्हणाले, म्हणून दुसऱ्या आठवड्यात मी थोडा जोर लावला. त्यांच्या कपाळावर घाम आला. खडू डाव्या मुठीत होता, मूठ घट्ट मिटलेली. रेघ आली नाही. मी आणखी लावला. "जरा जोर से, टेम कम है," ते म्हणाले. वेळ त्यांनाही कमी होता आणि मलाही. बाकीच्यांना तीन तीन रेघा पडत असताना माझी बाही धुतल्यासारखी पांढरी. संध्याकाळी ओळीत मी छाती पुढे काढून उभा राहायचो. तुम्ही माझ्यापुढे जरा जास्त थांबायचात, काही न बोलता पुढे जायचात. मला वाटायचं, खूश आहेत.

त्या माणसाने खडू वापरला नाही कारण मी त्यांच्यातला होतो. फिटरच्या मुलाच्या बाहीवर डाग पाडून त्याचं नुकसान का करायचं? तेवढाच विचार. आणि मी, तीन आठवडे, स्वतःचा हात इतका गोड आहे असं समजत राहिलो.

तिसऱ्या आठवड्यात कोपर आधीपेक्षा कमी वाकायला लागलं. वरच्या बाजूला एक टणक, गरम गाठ. तुम्ही तिच्यावर तळहात ठेवलात आणि तसाच ठेवून उभ्या राहिलात. एक्स-रे काढला. स्नायूच्या जागी हाड धरू लागलं होतं. जबरदस्ती केलेल्या कोपरात धरतं तसं.

"तीन आठवड्यांत एकसुद्धा रेघ नाही," तुम्ही म्हणालात. "तुला संशय आला नाही?"

"मला वाटलं, माझा हात चांगला आहे."

मग तुम्ही सगळ्या बॅचसमोर मला ऍप्रन काढायला लावलात. महिनाभर कॉरिडॉरमध्ये व्हीलचेअर ढकलायचं काम. हे मी विसरलेलो नाही, मॅडम. त्याच वर्षी आमच्याच बॅचमधल्या, एका डॉक्टरांच्या मुलाने एका बाईची पोटरी शेकताना भाजली होती. त्याला तुम्ही केबिनमध्ये बोलावून समजावलंत, दार लावून. मला उघड्यावर. का? बारा वर्षं हा एकच प्रश्न मी तोंडात धरून फिरलो. विचारला मात्र कधीच नाही, कारण विचारला असता तर तुम्ही उत्तर दिलं असतं.

आणि सगळ्यात घाण गोष्ट: ती घाई कुणाच्याच कामी आली नाही. आठवड्याच्या आत मिलच्या गेटाला कुलूप लागलं. धडधाकट आणि मोडके सगळे एकाच दुपारी बाहेर आले. डॉक्टरने कुणाचं कोपर बघितलं नाही. आमचे बाबा डबा न उघडता घरी आले आणि तो डबा तसाच ओट्यावर ठेवून आडवे झाले. भागीरथजी सामान उचलून मानपूरला गेले, हायवेवर मुलाचं पंक्चरचं दुकान होतं तिथे.

परीक्षा तोंडावर आली. माझ्या लॉगबुकात कोपराच्या केसपुढे तुमची सही नव्हती, आणि ती नसेल तर परीक्षा नाही, पुढची थेट वर्षाने. घरात पगार बंद. मी तुमच्यासमोर येऊन बसलो.

"भागीरथजींचा हात तोंडापर्यंत पोचला की सही करते," तुम्ही म्हणालात.

"त्याला वर्ष लागेल, मॅडम."

"मग लागू दे."

"मी दर गुरुवारी मानपूरला जाईन. बसने. दिवाळीपर्यंत. सही आज द्या."

"दिवाळीचा आणि कोपराचा काय संबंध?"

"मॅडम, बाबा घरी बसलेत. दिवाळीपर्यंत."

तुम्ही बराच वेळ चिमणीकडे बघत होतात. चिमणीतून धूर येणं बंद झालं होतं, तरी सगळ्यांची नजर सवयीने तिकडेच जायची. मग पेन उघडलंत. 'केस पूर्ण' असं छापलेलं होतं, त्याखाली तुम्ही सही केलीत. बाहेर येऊन मी चहाच्या ठेल्यावर सांगितलं, "पटा लिया मैडम को." माझ्या आयुष्यातला तो पहिला मोठा सौदा.

मी शब्द पाळला, हे लिहून ठेवतो. एकही गुरुवार चुकवला नाही. जोर लावला नाही, तुम्ही शिकवलं तसंच केलं. गाठ बसली, कोपर थोडं सुटलं. दिवाळीच्या आधीच्या गुरुवारी भागीरथजींनी रोटीचा तुकडा उचलून दाखवला. हात आणि तोंडात एक वीत अंतर राहिलं. ते मान खाली आणून, उरलेली वीत मानेनेच भरून काढत, हसत म्हणाले, "बाकी रास्तो म्हूँ चल लूँ." मी मिठाईचा डबा ठेवला, पाया पडलो आणि निघालो. परत गेलो नाही. सौदा दिवाळीपर्यंतचा होता.

पुढचं तुम्हाला माहीत आहे. परदेशी मशीनवरचे निर्बंध सैल झाले आणि मुंबईच्या दलालाकडून मी पहिलं जुनं शेकायचं मशीन घासाघीस करून आणलं. मग दुसरं. आज तीन क्लिनिक आहेत, त्यातलं एक तुमच्या गल्लीपासून चालत पाच मिनिटांवर. त्याच्या उद्घाटनाला तुम्ही आला होतात. चार पेशंट चार मशीनना जोडलेले, मी फोनवर. तुम्ही चहाचा कप हातात धरून विचारलंत, "वानखेडे, यांना हात कोण लावतं?"

"मशीन लावतंय ना, मॅडम. दिवसाला चाळीस पेशंट बघतो. तुमच्या हाताने किती झाले असते?"

"आठ," तुम्ही म्हणालात. "पण ते आठ मला ओळखायचे."

हा वाद आपला संपला नाही. मी अजूनही मानत नाही की तुम्ही पूर्ण बरोबर होतात. मशीनमुळे माझ्या घरी चूल पेटली, माझ्याकडे काम करणाऱ्यांच्याही. गरिबाचं दुखणं मशीनने हलकं होत असेल तर मी हात चोळत का बसू? पण त्या दिवशी तुम्ही कप खाली ठेवलात तेव्हा तुमचा अंगठा कपाच्या कानात नीट जात नव्हता. तीस वर्षं दुसऱ्यांची हाडं दाबून अंगठ्याचा सांधा गेला होता. मला ते दिसलं. मी मुद्दाम दुसरीकडे बघितलं.

आता मागच्या महिन्याचं. शेवटची काही वर्षं तुम्ही ज्यात होतात त्या सिमरोल रस्त्यावरच्या कॉलेजची पहिली बॅच बाहेर पडली आणि श्वेता नावाची मुलगी माझ्याकडे नोकरी मागायला आली. कागद चोख. लॉगबुकात सहा महिने वॉर्डात पोस्टिंग, अर्धांगाच्या केसेस, खांद्याच्या, कोपराच्या, प्रत्येक पानाखाली सही: तुमची. तुमची सही बघून मी मुलाखत घेतलीच नाही. म्हटलं, चल, त्या आजोबांचा खांदा बघ. अर्धांगाचे पेशंट, हात लुळा. ती त्यांच्याजवळ गेली आणि थांबली. हात पुढे केला, मागे घेतला. शेवटी दोन बोटांनी सदऱ्याची बाही उचलली, मेलेला उंदीर उचलावा तशी.

"पकड़ो ना," मी म्हटलं.

"सर, डर लगता है. वहाँ डमी पर किया था."

"और वॉर्ड?"

ती रडायला लागली. "वॉर्ड तो गए ही नहीं, सर. मैडम ने साइन कर दिया था."

आजोबाच तिला म्हणाले, "रो मत बेटी, पकड़ ले, मैं काटता नहीं हूँ."

मी ते लॉगबुक उचललं आणि स्कूटर थेट तुमच्या दारात. तुम्ही भाजी निवडत होतात. मी वही तुमच्या ताटलीत आपटली, मेथीवर.

"हे काय आहे, मॅडम? चाळीस पोरं! एकाने पेशंटला हात लावलेला नाही!"

"माहीत आहे."

"माहीत आहे?"

"कॉलेजवाल्यांनी सांगितलं, आधी कॉलेजला मान्यता येऊ दे, मग पुढच्या बॅचपासून वॉर्ड. मान्यतेला सह्या लागत होत्या."

"आणि तुम्ही मानलंत? मॅडम, तुम्हाला सौदा करता येत नाही!"

"येत नाही," तुम्ही म्हणालात. "तुझ्याशीही आला नव्हता."

तुम्ही मेथी झटकून वही बाजूला ठेवलीत आणि आवाज न चढवता म्हणालात, "पहिली खोटी सही मी तुझ्या वहीत केली, वानखेडे. केस पूर्ण. कुठे झाली होती पूर्ण? त्यानंतर हात वळला. एकदा वळला की फार जड जात नाही."

यावर मी काय बोलायला हवं होतं ते मला आता कळतं. तेव्हा मी म्हणालो, "मग कुणाला सांगू नका मी तुमच्या हाताखाली शिकलो म्हणून. मला लाज वाटते." तुम्ही चहा ठेवायला उठला होतात. मी चहा न घेता निघालो. फाटकापाशी वळून बघितलं असतं तर तुम्ही दिसला असतात. मी वळलो नाही. अठरा दिवसांनी फोन आला.

शोकसभेनंतर डायरेक्टरने मला बाजूला घेतलं. एका हातात कचोरी, दुसरा माझ्या खांद्यावर. डमी असलेल्या खोलीला तुमचं नाव देणार आहेत म्हणे. आणि पुढच्या चाळीस जणांची पोस्टिंग माझ्या तीन क्लिनिकच्या नावावर दाखवायची आहे.

"आपको कुछ नहीं करना, भिया. बस साइन. मैडम भी यही करती थीं."

ते वाक्य त्याने किती सहज म्हटलं! त्याला धक्का मारावासा वाटला, पण मी सौदा केला, कारण मला तेवढंच येतं. म्हटलं, चाळीसच्या चाळीस माझ्याकडे पाठव, सहा महिने, रोज, खऱ्या पेशंटवर. पेशंटच्या हातात खडू. मी सांगेन तेव्हा सही, त्याआधी नाही. आणि डमीच्या खोलीला मॅडमचं नाव द्यायचं नाही.

"इत्ता टाइम किसके पास है, भिया?"

"मेरे पास भी नहीं था," मी म्हटलं.

तो हसला आणि दुसऱ्या कुणाशी बोलायला गेला. आठवड्याभरात त्याला सही करणारा मिळेल. इंदूरमध्ये माझ्यासारखे पुष्कळ आहेत. श्वेता मात्र सोमवारपासून येतेय, आणि तिच्या बॅचमधले आणखी पाच. आपणहून. पहिल्या दिवशी काखेत हात घालून उभे केले सगळ्यांना. मशीनवरचे पेशंट बघत बसले. खडूची पेटी घ्यायला मी स्वतः गेलो. दुकानदाराला म्हटलं, फक्त निळे. तो म्हणाला, फक्त निळे मिळत नाहीत, पेटीत सगळे रंग येतात. मी हुज्जत घातली नाही. माझ्यासाठी ही नवी गोष्ट आहे, मॅडम.

पण त्या सहांच्या बाह्यांवरच्या रेघा मी तपासायच्या आधी माझं एक काम राहिलं होतं. गुरुवारी मी मानपूरला गेलो. पांढरा ऍप्रन पिशवीत घालून.

भागीरथजी दुकानाबाहेर खाटेवर बसले होते. मिशा पांढऱ्या झाल्यात, पीळ तोच. जेवत होते. उजव्या हातात एक विचित्र चमचा: वीतभर जास्त लांब दांडा, दोन जागी वाकवलेला, मुठीच्या जागी जुन्या क्रेप बँडेजची जाड गुंडाळी. डाळ उचलून बरोबर तोंडात. कोपर होतं तिथेच होतं, चमच्याने उरलेलं अंतर भरून काढलं होतं.

"ये कहाँ से लाए?"

"मैडम बनवई के लाई थी. लुहार कने से." मग माझ्याकडे बघून, "आती थी नी वा, महीना दो महीना में. बस से. थने नी बतायो?"

नाही सांगितलं. तुम्ही मला काहीच सांगितलं नाहीत. गेलेल्या अंगठ्यांनी बसची दांडी धरून तुम्ही मानपूरला जात राहिलात, आणि माझ्याकडून ज्याची अपेक्षा सोडली होतीत ते एका लोहाराकडून करून घेतलंत. याबद्दल तुमचे आभार मानू की तुमच्यावर ओरडू, ते मला ठरवता येत नाही. एकदा बोलला असतात, 'वानखेडे, अजून एक वीत राहिलीय,' तर मी गेलो असतो. गेलो असतो का? मला खात्री नाही, आणि तुम्हालाही नसावी.

"और रोटी?" मी विचारलं.

"रोटी तो डावा हाथ से." त्यांनी चमचा खाली ठेवला. "इससे पंगत में नी बैठूँ. डावा हाथ से सबके सामने खाऊँ, आछो नी लगे. बेटी का ब्याह में भी म्हूँ परोसने में रियो."

बारा वर्षं. स्वतःच्या मुलीच्या लग्नात हा माणूस सगळ्यांना वाढत फिरला, कारण मी एक कोपर दाबलं होतं आणि त्याने खडू मुठीत धरून ठेवला होता.

मी ऍप्रन घातला. हात काखेत घातले, गरम केले. खडू त्यांच्या डाव्या हातात दिला. कोपर धरलं. आता तिथे करण्यासारखं काही नाही, मला माहीत आहे. हाड आहे ते हाडच राहणार. तरी जिथे वाकणं संपतं तिथपर्यंत हळूच नेलं आणि थांबलो. त्यांची मूठ आवळली.

"दुखा?"

"कईं नी दुखे."

माझा पारा चढला. हायवेच्या कडेला, पंक्चर काढायला थांबलेल्या दोन ट्रकवाल्यांसमोर, मी त्या म्हाताऱ्यावर ओरडलो, "झूठ मत बोलो! बारह साल हो गए, अब तो झूठ मत बोलो!"

ट्रकवाले बघायला लागले. भागीरथजींनी मूठ उघडून खडू बोटांत धरला. मग माझी बाही ओढून स्वतःच्या गुडघ्यावर पसरली, पोरगं गृहपाठाची वही पसरतं तशी, आणि डाव्या हाताने, वाकड्या-तिकड्या जोराने, खांद्यापासून मनगटापर्यंत एक रेघ ओढली. खडू अर्ध्यात मोडला. उरलेल्या तुकड्याने त्यांनी ती पूर्ण केली.

"ले," ते म्हणाले. "दुख्यो थो. तब भी दुख्यो थो, घणो दुख्यो थो. अब चाय पी."

या वेळी मी चहा घेतला.

परतलो तेव्हा क्लिनिक बंद व्हायची वेळ झाली होती. सहा जण आपापल्या बाह्यांवरच्या रेघा मोजून एकमेकांना दाखवत होते. श्वेताच्या बाहीवर सगळ्यात जास्त. "सर, आपका तो पूरा खराब हो गया," ती म्हणाली, "धुलवा दूँ?" मी नको म्हटलं. त्यांना खिडकीजवळ ओळीने उभं केलं, हात पुढे करून. एकेकाने आपली रेघ कशामुळे पडली ते सांगितलं. मग ओळीच्या शेवटी मी उभा राहिलो. माझी काय चूक झाली ते मला या वेळी नीट सांगता आलं असतं, मॅडम. बाही पुढे केलेली होती. बघत येणारं कुणी नव्हतं.